बेटावर स्कुबाला जाताय? आधी डाइव्ह सेंटर ठरवा, मग तिकीट काढा

दिवाळी आटोपली की दरवर्षी दोन-चार फोन येतात. "अंदमानचं बुकिंग झालं. स्कुबा पॅकेजमध्येच आहे. आता काय बघायचं?" खरं सांगायचं तर तोपर्यंत बघण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. विमान ठरलेलं, हॉटेल ठरलेलं, शेवटच्या दिवशी सकाळी स्कुबा आणि दुपारी परतीचं विमान, तेही एजंटने ठरवलेलं. डाइव्ह कोण करवणार, याचा पत्ता त्या एजंटलाही नसतो.

चूक क्रमात होते. कोल्हापूरकर चप्पल घेताना दहा दुकानं फिरेल, कातडं वाकवून बघेल. पण पाण्याखाली ज्याच्या हातात आपला श्वास द्यायचा त्याची निवड मात्र फोटो आणि दर बघून करेल. खालच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या, पुढची आधी घेऊ नका.

पायरी १: तुम्हाला नक्की कोणता स्कुबा करायचाय ते ठरवा

'स्कुबा' या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि तिन्हींसाठी सेंटर वेगळ्या निकषांवर निवडावं लागतं.

पहिली, चाखून बघणे. 'डिस्कव्हर स्कुबा' किंवा 'ट्राय डाइव्ह' म्हणतात ती हीच. पोहता यायलाच हवं असं नाही, इन्स्ट्रक्टर सतत सोबत असतो. पॅडी या स्कुबा-प्रशिक्षण संस्थेच्या नियमाप्रमाणे वय किमान १० आणि खोली जास्तीत जास्त १२ मीटर. यानंतर मिळतो तो फक्त हजेरीचा कागद. त्याच्या जोरावर पुढच्या वर्षी स्वतंत्र डाइव्ह करता येत नाही.

दुसरी, शिकणे. 'ओपन वॉटर' कोर्स. थेअरी, तलावात किंवा उथळ पाण्यात सराव आणि समुद्रात चार डाइव्ह, त्याही किमान दोन दिवसांत विभागून. कार्ड मिळतं आणि १८ मीटरपर्यंत जाता येतं. इथे पोहणं लागतं: २०० मीटर पोहून दाखवायचं आणि १० मिनिटं पाण्यावर तरंगायचं.

तिसरी, ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांच्या 'फन डाइव्ह', म्हणजे नुसत्या मजेसाठीच्या. त्यांच्याबद्दल पुढे वेगळं येईल.

आता ठिकाण. कोल्हापूरहून सगळ्यात जवळचं मालवण-तारकर्ली. घाट उतरला की पोहोचलात. पहिल्यांदा पाण्याखाली श्वास घेऊन बघायला ठीक, पण तिथे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास गर्दीच्या दिवसांत जे चालतं ते बऱ्याचदा काही मिनिटांची डुबकी असते. तारकर्लीत एमटीडीसीची स्कुबा प्रशिक्षण संस्थाही आहे. शिकायचंच असेल तर तिथे चौकशी करा. कर्नाटकात मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट एका रात्रीच्या प्रवासावर आहे आणि मालवणपेक्षा तिथे पाणी साधारणपणे जास्त स्वच्छ असतं. पण बोटीचा प्रवास लांबचा, समुद्र लागणाऱ्यांनी विचार करून जावं. अंदमानात हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप इथे कोर्स आणि फन डाइव्ह दोन्हीसाठी सेंटर भरपूर, म्हणून निवडही तिथेच जास्त चुकते. लक्षद्वीपला प्रवेश-परवाना लागतो, त्याची तयारी आधी सुरू करा.

> सावधान: पावसाळ्यात, साधारण मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत, मालवणच्या किनाऱ्यावर जलक्रीडा बंद असते. त्या काळात "आपल्या माणसांसाठी करतो" म्हणणारा कुणी भेटला तर त्याचं नाव फोनमधून पुसून टाका.

पायरी २: शरीराची चौकशी कोल्हापुरातच करा

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. वैद्यकीय प्रश्नांचा फॉर्म बोटीत चढायच्या पाच मिनिटं आधी हातात येतो, ओल्या पेनने भराभर सगळीकडे 'नाही'वर खूण केली जाते आणि झालं. हा फॉर्म घरीच मागवून घ्या. चांगलं सेंटर तो बुकिंगच्या वेळीच व्हॉट्सॲपवर पाठवतं.

त्यात दमा, हृदयविकार, फिट येणं, चक्कर, कानाची शस्त्रक्रिया, फुटलेला पडदा, पूर्वी फुफ्फुस आकसणं, मधुमेह, अलीकडचं ऑपरेशन असे प्रश्न असतात. पंचेचाळिशीच्या पुढे असाल तर धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचीही विचारणा होते. एखादं जरी 'हो' आलं तरी डाइव्ह गेलीच असं नसतं, पण डॉक्टरांची सही लागते. ती सही राजारामपुरीत किंवा तुमच्या पेठेत सहज मिळते. हॅवलॉकच्या जेट्टीवर मिळत नाही. गरोदर असाल तर मात्र डाइव्ह नाहीच, तिथे सहीचा प्रश्न येत नाही.

दम्याचं एवढं का? १० मीटर खाली पाण्याचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. तिथे छातीत भरलेली हवा वर येताना दुप्पट फुगते. श्वासनळ्या मोकळ्या असतील तर ती आपसूक बाहेर पडते. एखादी नळी आखडलेली असेल तर हवा आत अडकते आणि फुफ्फुसालाच इजा करते. "पंप अधूनमधूनच घेतो" म्हणणाऱ्याने म्हणून छातीच्या डॉक्टरांना विचारूनच पुढे जावं.

कान आणि सर्दी हा दुसरा मोठा विषय. डिसेंबरच्या थंडीत इथून निघालात आणि नाक चोंदलं असेल तर कानातला दाब सारखा होत नाही. मी माझ्या पहिल्या डाइव्हला सर्दीची गोळी घेऊन गेलो होतो. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. चार मीटरवर कानात सुई टोचल्यासारखं झालं, तरी सोबतचा माणूस मला खालीच ओढत होता, कारण मागे दुसरी बोट भरून उभी होती. पुढचे बारा दिवस डाव्या कानाने नीट ऐकू येत नव्हतं. गोळीचा आणखी एक धोका तेव्हा माहीत नव्हता: तिचा असर पाण्याखालीच उतरला तर वर येताना कान अडतो, आणि वर तर यावंच लागतं.

आणि पंचगंगेत, विहिरीत वाढलेल्यांसाठी खास. मुटका मारून, श्वास रोखून तळातली माती वर आणणारे आपल्याकडे घरोघरी आहेत. पोहण्याची भीती नसणं चांगलंच, पण श्वास रोखण्याची ती सवय स्कुबात उलटी पडते. इथला पहिला नियमच श्वास कधीही रोखायचा नाही, हा आहे. पट्टीच्या पोहणाऱ्याला हे मुद्दाम शिकावं लागतं, तेव्हा "मला सगळं येतं" असं इन्स्ट्रक्टरला सांगून त्याचं शिकवणं कमी करू नका.

> तपासून घ्या: फॉर्म भरला? 'हो' असलेल्या प्रश्नावर डॉक्टरांची सही झाली? नाक दाबून हलकेच फुंकल्यावर दोन्ही कान 'टक्' वाजतात? हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी ३: तारखा उलट्या मोजा

डाइव्हनंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडतो. तो पडायच्या आत उंचावर, म्हणजे कमी दाबात गेलात तर त्याचे बुडबुडे होतात. म्हणून डॅन या डायव्हर-सुरक्षा संस्थेच्या मार्गदर्शनाप्रमाणे एकच साधी डाइव्ह केली असेल तर विमानाआधी किमान १२ तास आणि एकापेक्षा जास्त डाइव्ह किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास थांबायचं. मी सरसकट २४ धरतो. हिशेब सोपा राहतो.

अंदमानचं गणित असं मांडा. श्रीविजयपुरम म्हणजे पूर्वीचं पोर्ट ब्लेअर, तिथून परतीचं विमान रविवारी सकाळी ११ वाजता असेल तर शनिवारी सकाळची डाइव्हसुद्धा काठावरची झाली. त्यात हॅवलॉकहून फेरी पकडायची असते आणि समुद्र खवळला तर फेरी रद्द होते. तेव्हा शेवटची डाइव्ह शुक्रवारी. शनिवार फिरण्यासाठी ठेवा. आणि पहिल्याच दिवशी, रात्रभर विमान बदलत पोहोचल्यावर, डाइव्ह ठेवू नका. कोल्हापूरहून अंदमानला थेट विमान नसल्याने दोन टप्प्यांचा थकवा हमखास असतो.

आता एक गोष्ट मालवणवाल्यांसाठी. विमान नाही म्हणून आपण मोकळे, असं वाटतं. पण डॅनचे हे नियम साधारण २००० फुटांच्या, म्हणजे ६०० मीटरच्या पुढच्या उंचीला लागू होतात, आणि आपलं घर घाटावर आहे. आंबोली ६९० मीटरवर. कोल्हापूर शहरही साडेपाचशेच्या पुढेच. दहा मिनिटांची पाच-सहा मीटरची डुबकी मारून संध्याकाळी घरी आलात तर घाबरण्याचं कारण नाही. पण कोर्सच्या दोन-तीन खोल डाइव्ह त्याच दिवशी केल्या असतील तर ती रात्र मालवणात काढा, सोलकढी प्या, सकाळी उशिरा निघा. ज्या सेंटरला तुम्ही "आम्ही घाट चढून कोल्हापूरला जाणार" असं सांगितल्यावर त्याचा अर्थच कळत नाही, त्याला नियम पाठ आहेत, कारण माहीत नाही.

पायरी ४: यादी करा आणि कागद तपासा

ठिकाण आणि तारखा ठरल्यावर तीन सेंटरची यादी करा. तीन पुरे. पंधरा नावांत माणूस शेवटी स्वस्तावर येतो.

1. सेंटर कोणत्या प्रशिक्षण संस्थेशी जोडलेलं आहे ते बघा: पॅडी, एसएसआय, नाउई, सीमास अशी नावं असतात. कोणती संस्था, याने फार फरक पडत नाही. जोडलेलं खरंच आहे का, याने पडतो. पाटीवर चिन्ह कुणीही रंगवतो. म्हणून त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच्या सेंटरच्या यादीत नाव शोधा.

2. तुम्हाला पाण्यात नेणाऱ्या इन्स्ट्रक्टरचं नाव आणि सदस्य क्रमांक मागा. पॅडीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून तो माणूस सध्या शिकवायला पात्र आहे का, हे कुणालाही बघता येतं. मालकाचं कार्ड भिंतीवर आणि पाण्यात उतरणारा भलताच, हा प्रकार सर्रास आहे.

3. अभिप्राय वाचताना पाच तारे सोडा, दोन आणि तीन तारे वाचा. "समुद्र खराब होता म्हणून डाइव्ह रद्द केली, मूड गेला" अशी तक्रार दिसली तर ती सेंटरच्या बाजूने मोजा. "खूप गर्दी, घाई केली", "फोटोसाठी वेगळे पैसे मागितले", "कान दुखत होता तरी खाली नेलं" अशा ओळी वेगळ्या माणसांकडून दोनदा दिसल्या तर नाव खोडा.

इथे फार वेळ घालवू नका. कागद तपासल्याने खोटे गळतात. उरलेल्यांत खरे कोण, हे पुढच्या पायरीवर कळतं.

पायरी ५: फोन लावा, आणि 'नाही' ऐकायला तयार राहा

मेसेजवर सगळे सभ्य असतात, म्हणून फोनच करा. शक्यतो संध्याकाळी, बोटी परतल्यावर. खालचे प्रश्न विचारा आणि उत्तर देण्याआधी समोरचा तुम्हाला किती प्रश्न विचारतो, तेही मोजा. वय, आजार, पोहता येतं का, परतीचं विमान कधी, हे त्याने आपणहून विचारलं नाही तर तो फक्त जागा भरतोय.

*"एका इन्स्ट्रक्टरमागे पाण्यात किती जण?"* डिस्कव्हरसाठी पॅडीची कमाल मर्यादा चार आहे. ती कमाल आहे, चांगली संख्या नव्हे. पोहता न येणाऱ्याला एकास एक मागा. "ग्रुप आहे ना तुमचा, ॲडजस्ट करू" हे उत्तर आलं तर फोन ठेवा.

*"खाली जायच्या आधी काय शिकवणार आणि कुठे?"* उत्तरात उथळ पाण्यातला सराव यायला हवा: तोंडातून रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा तोंडात देणारं साधन, निघाला तर परत कसा घालायचा, मास्कमध्ये शिरलेलं पाणी कसं काढायचं, कान कसे मोकळे करायचे. "बोटीवरच पाच मिनिटांत समजावतो" हे पुरेसं नाही. कंबरभर पाण्यात हे तिन्ही करून दाखवल्याशिवाय खोल जायचं नसतं. आपल्याकडच्या मिशीवाल्या मंडळींनी मास्कचा सराव जास्तच मागावा. मिशीतून पाणी झिरपतंच.

*"मला लहानपणी दमा होता, आता काही नाही. चालेल ना?"* हा प्रश्न तुम्हाला दमा नसला तरी विचारा. माझा आवडता आहे. "या ओ, काय होत नाय" हे उत्तर ज्या दिवशी मिळालं त्या दिवशी मी एक नाव खोडलं, आणि ते नाव माझ्या यादीत पहिलं होतं. जो म्हणाला, "डॉक्टरांचं लिहून आणा, नाहीतर मी उतरवणार नाही," त्याच्याकडे आम्ही गेलो. त्याचा दर जास्त होता.

*"बोटीवर ऑक्सिजन असतो का? डीकॉम्प्रेशनची केस झाली तर कुठे नेता?"* डीकॉम्प्रेशन म्हणजे नायट्रोजनच्या त्या बुडबुड्यांनी डाइव्हनंतर होणारा त्रास. त्यावर पहिला उपचार शुद्ध ऑक्सिजन असतो आणि खरा उपचार दाब-कक्षात, म्हणजे हवेचा दाब वाढवता येणाऱ्या बंद खोलीत होतो. अंदमानात अशी सोय श्रीविजयपुरमच्या नौदल रुग्णालयात आहे, आणि हॅवलॉक व ती यांच्यामध्ये समुद्र आहे. म्हणजे तेवढ्या वेळाचा ऑक्सिजन सेंटरकडे हवा. ज्याची तयारी आहे तो हे उत्तर न अडखळता देतो. "असं कधी झालंच नाही आमच्याकडे" हे उत्तर झालं नाही.

*"कोर्स किती दिवसांचा?"* तीन ते चार दिवस सांगितले तर ठीक, त्यातही थेअरी घरून ऑनलाइन करून यायला सांगतील. दोन दिवसांत ओपन वॉटरचं कार्ड देतो म्हणणारा बहुधा कुठली तरी पायरी गाळतोय. ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी थेअरी कोल्हापुरातच संपवून जावं. बेटावर सुट्टीत पुस्तक उघडून बसण्यात काय मजा?

*"पाण्यात फोटो कोण काढणार?"* क्षुल्लक वाटेल, पण नाही. जो तुमचं जॅकेट धरून आहे त्याच्याच दुसऱ्या हातात कॅमेरा असेल तर त्याचं लक्ष कॅमेऱ्यात असणार. फोटोला वेगळा माणूस मागा, नसेल तर फोटो सोडा. मासे जमावेत म्हणून पाव किंवा बिस्किटं खाली नेतात का, हेही विचारा. जो माशांना पाव चारतो, प्रवाळावर लोकांना उभं करून फोटो काढतो, त्याचं पाण्याखालचं शिस्तीचं भान तेवढंच. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. तुकडा खिशात घालून आणलात तर अंदमानच्या विमानतळावर बॅगेत सापडेल आणि त्याची झळ तुम्हालाच लागेल.

कार्डधारकांनी आणखी एक विचारावं: "कोणत्या साइटवर नेणार?" हॅवलॉकच्या जॉनीज गॉर्ज, डिक्सन्स पिनॅकल या गाजलेल्या साइट खोल आहेत, शिवाय तिथे पाण्याला ओढ असते. नुसतं ओपन वॉटर कार्ड असलेल्याला, तेही दोन वर्षांपूर्वीचं, थेट तिथे नेतो म्हणणारा तुमचं मन राखतोय. चांगला माणूस आधी लॉगबुक, म्हणजे झालेल्या डाइव्हची नोंदवही मागेल, शेवटची डाइव्ह कधी झाली ते विचारेल, पहिली डाइव्ह सोप्या जागी ठेवेल आणि गरज वाटली तर उजळणीचे पैसे घेईल. द्या ते पैसे.

> तपासून घ्या: तीनही सेंटरना फोन झाले? कुणी तरी एकाने तुम्हाला एखाद्या गोष्टीला स्पष्ट 'नाही' म्हटलं? कुणीच म्हटलं नसेल तर यादी नव्याने करा.

पायरी ६: पैसे आणि विमा

दर विचारताना हे आत आहे का, एकेक करून लिहून घ्या: साहित्याचं भाडं, बोट, पाण्याखाली किती मिनिटं, फोटो, कोर्स असेल तर कार्डाचं शुल्क. स्वस्त दिसणाऱ्या कोर्समध्ये कार्डाचं शुल्क बहुतेक वेळा बाहेर असतं. समुद्र खराब असल्यामुळे सेंटरने रद्द केलं तर काय आणि मी सकाळी सर्दी झाली म्हणून नको म्हटलं तर काय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींची उत्तरं लेखी घ्या. सर्दीवाल्याला निम्मे तरी परत देणारं सेंटर निवडा, कारण पैसे बुडणार असले की माणूस चोंदलेल्या नाकाने उतरतो.

पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. एजंटमार्फत बुकिंग असेल तर पॅकेजमधला स्कुबा काढून तेवढी रक्कम कमी करायला लावा आणि सेंटरला थेट द्या. एजंट थोडे आढेवेढे घेतो, शेवटी करतो.

प्रवास-विम्यात स्कुबा बहुतेकदा 'साहसी खेळ' म्हणून वगळलेला असतो. पॉलिसीतला तेवढा परिच्छेद स्वतः वाचा. कोर्स करणार असाल तर डायव्हरसाठीचा वेगळा विमा घ्यावा, असं माझं मत.

पायरी ७: पोहोचल्यावर, उरलेले पैसे देण्याआधी

डाइव्हच्या आदल्या संध्याकाळी सेंटरवर चक्कर मारा. पंधरा मिनिटं पुरतात.

1. कॉम्प्रेसर कुठे आहे ते बघा. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, आपण घेतो तीच हवा दाबून भरलेली असते. कॉम्प्रेसरची हवा ओढणारी नळी जनरेटरच्या किंवा बोटीच्या धुराजवळ असेल तर तो धूर तुमच्या सिलिंडरमध्ये जाणार. त्यातला कार्बन मोनॉक्साइड जमिनीवर कदाचित नुसतं डोकं दुखवेल, खाली दाबात तो अधिक घातक होतो.

2. साहित्य धुऊन सावलीत टांगलेलं आहे की वाळूत ढीग करून पडलंय? रेग्युलेटरच्या नळ्यांना तडे गेलेत का? मास्क तुमच्या चेहऱ्यावर पट्टा न लावता, नाकाने हलका श्वास ओढून चिकटतो का? चिकटत नसेल तर दुसरा मागा.

3. ऑक्सिजनची पेटी दाखवायला सांगा. नुसती पेटी नको, आतला काटा बघा. रिकामी बाटली ठेवून दाखवणारेही आहेत.

4. बोट. चढायला शिडी, प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट आणि सगळे पाण्यात असताना बोटीवर थांबणारा एक माणूस, एवढं हवंच. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. डाइव्ह झालेली होती, ही सगळी मंडळी परत येत होती. परतीच्या वाटेवर जॅकेट काढून ठेवू नका, किनारा दिसत असला तरी.

यातलं एखादं जमलं नाही तर भांडू नका. दिलेले पैसे सोडा आणि यादीतल्या दुसऱ्या नंबरला फोन करा. ती यादी त्यासाठीच केली होती.

पायरी ८: डाइव्हची सकाळ

आदल्या रात्री दारू नाही. सकाळी इडली, पोहे, केळं असं हलकं खा. रिकाम्या पोटी समुद्र जास्त लागतो आणि तर्रीवर तर विचारूच नका. बोटीच्या कडेला वाकून मिसळ परत देणारा एक मित्र मी पाहिलाय. तेव्हापासून त्याने नेत्राणीचं नाव काढलेलं नाही.

ब्रीफिंगमध्ये, म्हणजे उतरण्याआधीच्या सूचनांत, हाताच्या खुणा नीट शिका. घोटाळा होतो तो अंगठ्याचा. आपल्याकडे अंगठा वर म्हणजे 'मस्त'. पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला'. 'ठीक आहे'साठी अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. दरवेळी कुणी तरी फोटोसाठी अंगठा दाखवतो आणि इन्स्ट्रक्टर त्याला इमानेइतबारे वर घेऊन येतो.

उतरण्याआधी स्वतः करायची एक तपासणी: रेग्युलेटर तोंडात धरून चार मोठे श्वास घ्या आणि त्याच वेळी दाबाच्या काट्याकडे बघा. काटा २०० बारच्या आसपास स्थिर राहिला पाहिजे. श्वासागणिक खाली-वर होत असेल तर सिलिंडरची चावी पूर्ण उघडलेली नाही. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास असेल तर तो सिलिंडर नको म्हणा. हवेला चव नसते.

पाण्यात पहिल्याच मीटरला कान मोकळे करायला सुरुवात करा, दुखायची वाट बघू नका. दुखलं तर कानाकडे बोट दाखवा, थोडं वर या, पुन्हा प्रयत्न करा. तीनदा जमलं नाही तर त्या दिवसापुरतं थांबा. सोबतचा तरीही खाली ओढत असेल तर अंगठा वर करा आणि करतच राहा. वर येताना सावकाश, सोडलेल्या बुडबुड्यांच्या पुढे जायचं नाही, श्वास चालू ठेवायचा.

> सावधान: बोटीवर चढल्यावर "आज पाणी जरा हलतंय, पण करू" असं ऐकलंत आणि पोटात गोळा आला, तर "मी नाही उतरत" म्हणा. सोबतच्या चार जणांनी चिडवलं तरी चालेल.

पायरी ९: वर आल्यानंतरचे चोवीस तास

भरपूर पाणी प्या, त्या दिवशी जड व्यायाम नको. सेंटरचा आपत्कालीन नंबर घरच्या दुसऱ्या माणसाच्या फोनमध्येही ठेवा. डाइव्हनंतर खांदा, कोपर, गुडघा विनाकारण दुखायला लागला, हातापायाला मुंग्या आल्या, चक्कर आली, अंगावर चट्टे उठले किंवा न समजण्याएवढा थकवा आला तर "बोटीत आपटलं असेल" म्हणून वेदनाशामक गोळी घेऊन झोपू नका. सेंटरला लगेच कळवा, ऑक्सिजन मागा, आणि त्या अवस्थेत विमानात बसू नका, घाटही चढू नका.

घरी पोहोचल्यावर हे सुरू झालं तर दवाखान्यात गेल्यागेल्या पहिलं वाक्य "मी काल स्कुबा डायव्हिंग केलं" हे बोला, किती खोल आणि किती वाजता तेही सांगा. समुद्रापासून घाटाच्या पलीकडे असलेल्या गावात सांधे धरले म्हटलं की डॉक्टर आधी चिकनगुनियाच विचारणार, आणि त्यात त्यांची काही चूक नसते.